दुकानाचे जोते

रायगड पाहावयास येणाऱ्या मंडळींत विद्वान असतात, शाळेची मुले असतात, नवविवाहित जोडपी असतात आणि केवळ हवा खाण्यास आलेलेही असतात. परंतु गडावरील बाजारपेठेत येऊन पोहोचले की ह्या सर्वांना एकच कथा ऐकावयास मिळते. वाटाड्या एखाद्या दुकानाच्या उंच जोत्यापाशी थांबतो, हाताने त्याची उंची दाखवितो आणि सांगतो की घोड्यावरून न उतरता सौदा करता यावा म्हणून महाराजांनी ही जोती इतकी उंच बांधविली. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे तत्काळ एक स्वार उभा राहतो. लगाम आखडून, रिकिबीत पाय ठेवूनच तो शेल्याचा भाव करू लागतो. कथा मोठी गोड आहे, आणि ती सांगून ज्यांचा चरितार्थ चालतो त्यांच्या पोटावर पाय देण्याची माझी मुळीच इच्छा नाही. तथापि गडाच्या पायथ्याशी, पाचाडासारख्या गावी ज्याने पावसाळ्यामागून पावसाळे काढले आहेत, त्याला ही कथा ऐकताना थोडेसे हसू आल्यावाचून राहात नाही. आमच्या ह्या मुलखात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. येथे कोंबड्यांचे खुराडेदेखील शहाणा मनुष्य जमिनीलगत बांधीत नाही. मग मिठाची, धान्याची आणि कापडाची दुकाने जमिनीलगत कोण बांधील?

पेठ मात्र पाहण्यासारखी आहे ह्यात शंका नाही. समोरासमोर दोन सरळ रांगा, दोन्ही मिळून चाळीसांहून अधिक दुकाने, मध्ये सुमारे चाळीस फूट रुंदीचा रस्ता. प्रत्येक दुकानास पुढे ओसरी व मागे खोल्या, अशी तिची रचना आहे. डोंगरमाथ्यावर, जेथे पाण्याचा प्रत्येक थेंब आणि सपाटीचा प्रत्येक हात मोलाचा, तेथे एवढा रुंद रस्ता सोडणाऱ्याची दृष्टी लहान नव्हती. आज उभे आहेत ते दगड. लाकूड आणि छप्पर केव्हाच गेले. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी गडावर तोफा डागल्या, आग लागली, बाजीरावाची पत्नी वाराणशीबाई गडावर असताना राजवाडा जळाला आणि गड त्यांच्या हाती गेला. दगडांचे जोते तेवढे आगीलाही पुरून उरले.

ही मुळी बाजारपेठ नव्हेच, अधिकाऱ्यांची व सरदारांची निवासस्थाने असावीत, असेही कित्येक अभ्यासकांस वाटते. त्यांच्या शंकेत तथ्य असेल. परंतु दुकान आणि राहते घर ह्यांत भिंत घालून मोकळे होण्याची सवय आपणांस अलीकडेच लागली आहे. पुढे ओसरीवर व्यापार, मागे स्वयंपाक, वर माळ्यावर माल आणि झोपण्याची जागा, अशी व्यवस्था कोकणातल्या कोणत्याही जुन्या बाजारात काल-परवापर्यंत होती. तेव्हा एकाच वास्तूला एकाने घर म्हणावे आणि दुसऱ्याने दुकान म्हणावे, आणि दोघेही खरे असावेत, हे मला अशक्य वाटत नाही.

वाचकांस कंटाळा येणार नसेल तर शब्दांविषयी दोन वाक्ये लिहितो. आयुष्यभर मुलांकडून शब्दरूपे पाठ करून घेतलेल्या मनुष्याची ही खोड सुटणे कठीण. 'बाजार' आणि 'दुकान' हे दोन्ही शब्द आपल्याकडे फारसीच्या वाटेने आले, 'पेठ' दक्षिणेकडून आली. अस्सल संस्कृत शब्द 'आपण'. त्याचा पर्याय म्हणून अमरकोशात 'निषद्या' हा शब्द दिला आहे. 'नि' उपसर्गपूर्वक 'सद्' म्हणजे बसणे, ह्या धातूपासून तो झाला. अर्थात् दुकान म्हणजे बसण्याची जागा. इकडे 'दुकान' हा शब्द मुळी अरबी, आणि त्याचाही जुना अर्थ दगडाचा किंवा विटांचा उंच ओटा, बसावयाचे आसन, असाच आहे. दोन भाषा, एकीचा दुसरीशी काडीचाही संबंध नाही. पण दोघींनीही दुकानास नाव दिले ते मालावरून नव्हे, दाराखिडकीवरून नव्हे, तर त्या उंच बैठकीवरून. जोते हे दुकानाचे अंग नसून जोते हेच दुकान, असा ह्या शब्दांचा साक्षीपुरावा आहे.

पाचाडास आता वेगळी पेठ म्हणावी अशी काही नाही. गावात जिजाऊसाहेबांच्या वाड्याचा कोट आहे, त्यांची समाधी आहे. गडावरची थंड हवा त्यांना मानवत नव्हती म्हणून महाराजांनी त्यांच्यासाठी येथे खाली वाडा बांधविला, असे सांगतात. राज्याभिषेक १६७४ च्या जून महिन्याच्या ६ तारखेस झाला आणि १७ तारखेस त्यांनी येथेच देह ठेवला. तक्क्याची विहीर म्हणून जी विहीर दाखवितात तिच्या काठी पाठीमागे टेकण्यास दगडी तक्क्या आहे. महाराज तेथे टेकून बसत आणि पाण्यास आलेल्या बायाबापड्यांची विचारपूस करीत, अशी आख्यायिका आहे. गादी-तक्क्यावर बसणाऱ्या वाण्यापेक्षा ह्या तक्क्याचे काम निराळे, एवढेच.

ह्या पाचाडच्या जुन्या उदीमाची एक हकीकत मात्र लिखित स्वरूपात उरली आहे, आणि तीही परकीयांच्या लेखणीतून. राज्याभिषेकाच्या वेळी मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन आला, तो प्रथम पायथ्याच्या पाचाडास उतरला. महाराज प्रतापगडास भवानीच्या दर्शनास गेले होते म्हणून त्यास काही दिवस वाट पाहावी लागली. पुढे डॉक्टर फ्रायर ह्याने आपल्या प्रवासवर्णनात ह्या वकिलातीची जी हकीकत दिली, तीत एका म्हाताऱ्या खाटकाचा उल्लेख आहे. ह्या इंग्रज पाहुण्यांनी थोड्या दिवसांत त्याच्याकडून इतके मांस घेतले की तेवढे त्याने पूर्वी कित्येक वर्षांत विकले नव्हते. तेव्हा असली मोठी गिऱ्हाइके आहेत तरी कशी, हे एकदा डोळ्यांनी पाहून घ्यावे म्हणून तो बिचारा वृद्ध मनुष्य गड चढून आला. आमच्यासारख्या शाकाहारी घरांतही ही गोष्ट मी मोठ्या आवडीने सांगत असतो. राज्याभिषेकाची वर्णने आपण शंभर वाचली असतील. पण त्या सोहळ्याच्या गर्दीत आपल्या धंद्याच्या कौतुकाने धापा टाकीत गड चढणारा तो दुकानदार मला अधिक जवळचा वाटतो.

आजही पाचाड आणि रायगडवाडी येथील दुकान म्हणजे घराची ओटी. तेथेच चहा होतो, तेथेच पिठले-भाकरीची ताटे मांडतात, तेथेच उन्हाळ्यात ताकाची मडकी आणि करवंदांचे द्रोण दिसतात. १९९६ साली रज्जुमार्ग झाला आणि चढून जाणाऱ्यांपैकी बराच भाग पाळण्यात बसून जाऊ लागला; पायऱ्यांच्या वाटेवर ताक विकणाऱ्या बायांच्या कमाईला त्याची झळ बसलीच. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांत रायगड आहे. त्यामुळे येणारांची संख्या आणखी वाढेल, आणि गडावरील दुकानांच्या एकेका दगडाचा हिशेब राहील. हे योग्यच आहे. परंतु ज्या पेठेत साडेतीनशे वर्षांपूर्वीचे दगड आहेत आणि विक्री शून्य आहे, तिला रक्षणकर्ते पुष्कळ. आणि ज्या पेठेत अद्यापि रोज सकाळी फळ्या उघडतात, गूळ तोलला जातो आणि उधारीची वही उलटली जाते, तिचा राखणदार एकटा दुकानदार. ही दुसरी पेठ म्हणजे आमचे महाड.

पाचाडाहून एसटीने सुमारे पंचवीस किलोमीटर उतरून गेले की महाड. माझी नोकरीची सारी वर्षे तेथील एका शाळेत गेली, आणि शाळा सुटल्यावर बाजारातून हिंडणे हा माझा नित्यक्रम होता. हे गाव व्यापारासाठीच वसले म्हणावयास हरकत नाही. गावाबाहेरच्या गांधारपाले लेण्यांत श्रेष्ठीच्या पुत्राने दिलेल्या दानाचा लेख आहे; श्रेष्ठीचा सेट्ठि, सेट्ठिचा शेट, आणि तो शेट आजतागायत तेथे बसलेला आहे. सावित्रीच्या खाडीतून बाणकोटाकडून गलबते येत; वरंध्याच्या घाटाने बैलांच्या पाठीवर माल भोराकडे चढे. खाली मीठ, नारळ, सुकी मासळी, वर देशावरचे धान्य, आणि मध्ये महाडचा अडत्या. नाना फडणिसांनी १७९६ मध्ये निजामाशी जो तह केला तोही महाडचाच. पुढे खाडी गाळाने भरली, आगबोटी थांबल्या, कोकण रेल्वे गावाला बगल देऊन वीरवरून गेली. तरी बाजार मोडला नाही. डोंगरांतल्या वाड्यावस्त्यांना दुसरा बाजार कोठे आहे?

त्या बाजारातील जुनी दुकाने ज्यांनी पाहिली नसतील त्यांच्यासाठी थोडे वर्णन करितो. रुंदी अगदी बेताची, खोली मात्र इतकी की समोरून आत पाहिले तर शेवटी परसातला उजेड रुपयाएवढा दिसावा. काळ्या दगडाचे जोते. त्यावर सागाचे किंवा ऐनाचे खांब. दाराऐवजी खाचेत एकापुढे एक सरकवून बसवावयाच्या फळ्या, प्रत्येकीवर तिचा क्रमांक कोरलेला, कारण एक फळी मागेपुढे झाली की सगळ्या अडतात. पुढच्या ओसरीत गादी, तक्क्या आणि गल्ला. त्यामागे पोत्यांची थप्पी, तिच्याखाली लाकडी पाट. मधल्या खोलीत छताला चौकोनी झडप आणि वर माळा. झडपेखाली दोर लोंबत असे. मी नवीन होतो तेव्हा त्या दोराचे प्रयोजन एका शेटना विचारले. ते म्हणाले, "मास्तर, हा दोर वर्षातून एकदा लागतो. पण लागतो तेव्हा शोधायला वेळ नसतो."

त्यांचे म्हणणे महाडची नदी ज्यास ठाऊक आहे त्यास लगेच समजेल. सावित्री महाबळेश्वराच्या माथ्यावर उगम पावते आणि फार थोड्या अंतरात खाली येते. काळ आणि गांधारी ह्या नद्या तिला महाडाजवळच मिळतात. वर घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस आणि खाली बाणकोटाकडून समुद्राची भरती, ही दोन्ही एकाच वेळी आली म्हणजे येणारे पाणी पुढे सरकत नाही आणि मधल्या महाडात फुगते. हे पाणी एकाएकी वाहवून नेणारे नसे. चढत चढत येई, तास-दोन तास अवकाश देई. तेवढ्यात पाटावरची पोती माळ्यावर जात. उंच जोते हा त्या अवकाशातील पहिला तास. भरती उलटली की पाणी उतरे, आणि चुन्याच्या भिंती व लाकूड आठवडाभर वाऱ्यावर वाळत राही.

मग हे सारे बिघडले कोठे? नदी गाळाने उथळ झाली, डोंगर उघडे झाले, पाऊस एकेका दिवसात वेड्यासारखा पडू लागला, ही कारणे सर्वांच्या तोंडी आहेत आणि ती खोटी नाहीत. परंतु आणखी एक कारण आहे, ते इतके हळू घडत आले की कोणाच्या ध्यानात राहिले नाही. प्रत्येक काही वर्षांनी बाजारातल्या रस्त्यावर खडी-डांबराचा नवा थर पडतो. जुना थर कोणी उकरून काढीत नाही. रस्ता वर येत जातो आणि जोते आहे तेथेच राहते. ज्या किराणा दुकानाविषयी मी पुढे लिहिणार आहे त्याला मालकाच्या आजोबांच्या वेळी पाच पायऱ्या होत्या. मी पाहिल्या त्या तीन. आता दीड उरली आहे. दीड म्हणण्याचे कारण, खालची अर्धी डांबरात गेली आहे. जोते कोणी पाडले नाही, ते बुडाले.

आणि नवी दुकाने तर मुळातच जोत्यावाचून. लोखंडी शटर वर लोटले की थेट रस्त्यावरून आत पाऊल; माल रस्त्यावरून दिसला पाहिजे, गिऱ्हाइकाला चढावे लागू नये, हे नव्या व्यापाराचे सूत्र. २००५ च्या जुलैच्या अखेरीस जो पूर आला आणि दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते येथे ज्या दरडी कोसळल्या, त्यांनी हे सूत्र बदलेल असे वाटले होते, बदलले नाही. २०१६ च्या ऑगस्टमध्ये राजेवाडीजवळचा १९२८ सालचा दगडी पूल रात्री सावित्रीने नेला आणि त्यासोबत दोन एसटी गाड्या गेल्या. मग २०२१ चा जुलै. २२ तारखेस दुपारी तळिये गावावर दरड आली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच रात्री महाडच्या बाजारात पाणी दुकानांच्या माळ्यांपर्यंत चढले. ज्यांच्या दुकानाला माळाच नव्हता, त्यांनी काय वाचविले असेल?

त्या किराणा दुकानाच्या शेटांनी ती रात्र पत्नी व नातवासह माळ्यावर काढली. पाणी ओसरल्यावर मी गेलो तेव्हा सारा बाजार एका रंगाचा झाला होता. साखर पाघळून गेलेली, तांदूळ फुगून पोती फाटलेली, औषधांच्या बाटल्या चिखलात, आणि दहा पिढ्यांच्या वह्या वाळत घातलेल्या. दुकानाच्या मधल्या खांबावर २००५ ची एक खूण पटाशीने कोरलेली होती. तिच्याहून हातभर वर शेटनी त्याच दिवशी दुसरी कोरली. इतर काही करण्यापूर्वी त्यांनी तेवढे केले, ह्याचे मला आश्चर्य वाटले नाही.

त्यानंतर त्यांच्या घरात जो वाद सुरू झाला तो आज बाजारातल्या पुष्कळ घरांत चालू आहे, म्हणून थोडा विस्ताराने सांगतो. दोघे मुलगे म्हणतात, हे जुने लाकूड पाडावे, खाली रस्त्याच्या पातळीवर तीन गाळे काढावेत, वर सदनिका बांधाव्यात. औद्योगिक वसाहतीमुळे गावात राहावयास लोक येतात, भाडे चांगले येईल. शेट म्हणतात, "अरे, पाणी पुन्हा आले तर गाळ्यात काय ठेवाल? मासे?" धाकटा म्हणतो, "बाबा, तुमच्या जोत्यावर चढायला आता गिऱ्हाइकाच्या गुडघ्यांत जोर नाही." ह्या धाकट्याला मी शिकविले आहे, वादात तो शाळेपासूनच पटाईत. दुकानाच्या अर्ध्या भागात जुना भाडेकरू शिंपी आहे. भाडेनियंत्रणाच्या कायद्यामुळे तो इतके अल्प भाडे देतो की त्यात वर्षाची कौलेसुद्धा परतून होत नाहीत. आणि जागा आपली नसल्यामुळे दुरुस्तीला हात लावावयास तोही तयार नाही. जुन्या बाजारांतल्या कित्येक इमारती पुराने पडल्या नसतील तेवढ्या ह्या अवघड नात्याने खचल्या आहेत. त्यात शिंप्याचा दोष नाही. बाहेर पडला तर नव्या गाळ्याचे भाडे देऊन त्याची शिलाई परवडणार नाही, हे त्यासही कळते आणि शेटनाही.

शेटनी मला मध्यस्थ म्हणून बोलाविले. वास्तविक बांधकामातले मला काय कळते? परंतु आमच्याकडे मास्तर म्हणजे मृत्युपत्रापासून मुंजीच्या याद्यांपर्यंत सर्वज्ञ, अशी समजूत अद्यापि आहे. मी एवढेच म्हटले की नवे ते टिकाऊच असते असे समजू नका. २०२० च्या ऑगस्टमध्ये ह्याच महाडात काजळपुऱ्यातली पाच मजल्यांची नवी इमारत क्षणात खाली आली आणि सोळा माणसे गेली, त्या इमारतीला दहा वर्षेही झाली नव्हती. तसेच जुने ते पूज्यच, असेही माझे म्हणणे नाही. तुमच्या मागच्या खोलीची तुळई वाळवीने पोखरली आहे. तिच्याखाली मी तरी बसणार नाही. जे राखावयाचे ते जोते. घर नवे बांधा, पण जोते पूर्वीच्या उंचीवर, म्हणजे आजच्या रस्त्यापासून पुन्हा पाच पायऱ्या, चढवून बांधा, आणि माळा ठेवा.

हे माझे म्हणणे शेटना पटले. परंतु तेथे आणखी एक गृहस्थ बसले होते. तेही माझे जुने विद्यार्थी. बौद्ध समाजातले, बिरवाडीकडचे. बाजाराच्या टोकाला त्यांचे भ्रमणध्वनी दुरुस्तीचे छोटे दुकान आहे, आणि तेही २०२१ च्या पाण्यात गेले होते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गुरुजी, एक विचारू? ह्या जोत्याच्या खाली कोण उभे राहात असे, ते तुम्ही सांगितले नाहीत."

खोलीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. त्यांचे आजोबा ह्याच बाजारात मीठ-मिरची घेण्यास येत. रस्त्यावर उभे राहावयाचे, नाणे जोत्याच्या कडेवर ठेवावयाचे. वाणी त्यावर पाणी शिंपडून ते उचली आणि पुडी वरून खाली टाकी. पाऊस असला तर पुडी भिजे. ओसरीचे पागोळे अंगावर घेत खाली उभे राहावे लागे, कारण वर छपराखाली येण्याची मुभा नव्हती. जोते पाण्यापासून वाचण्यासाठी होते हे खरे. परंतु त्याच्या उंचीचा उपयोग मनुष्यापासून दूर राहण्यासाठीही झाला.

महाडच्या माणसाला हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. १९२७ च्या मार्चमध्ये येथे जी परिषद भरली तिच्यासाठी लागणारे पाणी चाळीस रुपये मोजून विकत घ्यावे लागले होते, आणि ते गाव तळ्याकाठचे. २० मार्च रोजी डॉक्टर आंबेडकर चवदार तळ्यावर गेले, पाणी प्याले, आणि मग गावात परतणाऱ्या लोकांवर मार बसला. त्याच वर्षी डिसेंबरात दुसरी परिषद भरली तेव्हा मंडप घालावयास जागा एका मुसलमान गृहस्थाने दिली. बाजारातून माल मिळण्याचा भरवसा नव्हता म्हणून शिधा बाहेरून आणविला. डॉक्टर आंबेडकर आगबोटीने दासगाव बंदरात उतरले आणि तेथून पायी महाडास आले. तळे सर्वांना खुले असल्याचा निकाल मुंबईच्या उच्च न्यायालयातून मिळावयास १९३७ साल उजाडले. ज्या बाजाराच्या जुन्या लाकडाचे आणि फळ्यांवरील आकड्यांचे मी इतक्या प्रेमाने वर्णन केले, त्या बाजाराने तेव्हा काय केले हे सांगितल्यावाचून त्याचे वर्णन पुरे होत नाही.

शेट वृद्ध आहेत. त्यांनी हे सारे आपल्या वडिलांच्या काळी डोळ्यांनी पाहिलेले. ते खाली पाहून म्हणाले, "होय. आमच्या गल्ल्याशेजारी त्यासाठी पाण्याचा तांब्या असे." एवढेच. धाकट्या मुलाला आपल्या पक्षास नवा मुद्दा मिळाल्यासारखे वाटले, तो म्हणाला, "म्हणूनच मी म्हणतो, दुकान रस्त्याच्या पातळीवर हवे." परंतु ज्यांनी प्रश्न काढला होता त्यांनीच मान हलविली. ते म्हणाले, "तसे नाही. माझे दुकान पातळीवरच होते, आणि मी सगळा गेलो. जोते उंच बांधा. फक्त पायऱ्या अशा बांधा की कोणालाही चढता येतील. म्हाताऱ्याला, चाकाच्या खुर्चीवरच्यालासुद्धा. आणि पागोळ्याच्या बाहेरपर्यंत छप्पर काढा."

मी पुष्कळ निबंध तपासले आहेत. इतक्या थोड्या शब्दांत इतके बोललेला विद्यार्थी क्वचितच भेटला. पुढची तासभर चर्चा ह्या पायऱ्यांचीच झाली. उंच जोत्यास उतार करावयाचा तर तो सरळ रस्त्यावर येणार, आणि रस्त्यावर एक वीतही पुढे येऊ देण्यास नगरपालिकेचा नियम आड येणार. म्हणून उतार ओसरीच्या आतूनच, एका बाजूने भिंतीलगत न्यावा, त्यासाठी ओसरीची तीन हात जागा सोडावी, असे ठरत आले. तीन हात म्हणजे दोन कपाटे कमी. मोठ्या मुलाने कागदावर हिशेब मांडला आणि कपाळाला आठ्या घातल्या. शिंप्याने विचारले, "माझे यंत्र कोठे बसवणार?" ह्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी कोणाजवळच नव्हते.

आमच्या वाचक भगिनींस कदाचित् वाटेल की पुरुषमंडळींनी हा सारा खल केला आणि घरातल्या बाईंचे मत कोणी विचारले नाही. तसे झाले नाही. शेटांच्या पत्नी आतून चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "जोते, पायऱ्या काय ते तुमचे तुम्ही बघा. माळ्यावर जायचा जिना मात्र रुंद करा आणि तिथे एक खिडकी रस्त्याच्या बाजूला काढा. त्या रात्री मला बाहेर काय चालले आहे ते दिसत नव्हते. नुसता आवाज येत होता." आराखडा काढणाऱ्या तरुण अभियंत्याने ही खिडकी कागदावर सर्वांआधी दाखविली, हे मला आवडले.

ह्या उन्हाळ्यात काम सुरू होईल असे म्हणतात. वाटण्यांचे कागद व्हावयाचे आहेत, शिंप्याशी करार व्हावयाचा आहे, बँकेचे कर्ज मंजूर व्हावयाचे आहे. जुन्या फळ्या शेटनी विकल्या नाहीत; त्यांपैकी एक ते ते १ ते २१ क्रमांकांच्या सागवानी फळ्यांचा नव्या माळ्याला तक्तपोशी म्हणून उपयोग करावा असा त्यांचा विचार आहे. मधला खांब मात्र मूळ जागी उभा ठेवावयाचा, एवढ्यावर घरातल्या सर्वांचे एकमत झाले आहे. मागच्या आठवड्यात मी गेलो तेव्हा अभियंता, शेट आणि तो धाकटा असे तिघे त्या खांबाशी दोरी लावून मोजीत होते. नव्या जोत्याचा माथा २००५ च्या खुणेच्या किती खाली येईल हे त्यांना पाहावयाचे होते. २०२१ ची खूण त्यांच्या डोक्यांवर होती. दोरी तेथवर नेण्याचा प्रश्नच नव्हता, तेवढ्यासाठी माळा आहे. अभियंत्याने आकडा लिहून घेतला. शेट म्हणाले, "एक पायरी आणखी धरा. रस्त्यावर पुन्हा डांबर पडेल."